मातुराना सर दिवाळं काढतात

मार्च महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी एवारिस्तो मातुराना सरांनी रीतसर दिवाळं काढायचं ठरवलं. मंगळवारी त्यांना शाळेत फक्त शेवटचा तास असे आणि सरांच्या अंदाजाने दिवाळं निघायला दोन-अडीच तास भरपूर होते. त्यांनी बूट पुसले, भूगोलाच्या वार्षिक परीक्षेला घालायचा कोट चढवला, बायकोला सांगितलं, "एलियाना, मी जरा नकाशे आणायला ताल्काला जाऊन येतो." आणि कुरिकोच्या बसतळावर जाऊन खिडकीची जागा धरली.

एवढी घाई व्हायला कारण आदल्या दिवशी घडलं होतं. सर वर्गात अँडीज पर्वत शिकवत असताना शाळेच्या ऑफिसात वसुलीवाल्यांचा फोन आला. बरं, ऑफिसातल्या बाईंनी तो निरोप चिठ्ठीवर लिहून द्यावा की नाही? त्यांनी तो मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दारातूनच सांगितला. "सर, कर्जवाल्यांचा फोन होता हो! विचारत होते, मोबाइल का उचलत नाहीत?" खोलीतले नऊ शिक्षक एकदम आपापल्या कपात काहीतरी शोधायला लागले. गणिताचे सर उगाच पेन्सिलीला टोक काढू लागले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मातुराना सरांचा असा पाणउतारा झाला नव्हता.

कर्ज झालं कसं, हे सरांनाच नीट सांगता येत नसे. घराचं छप्पर केलं, मुलीचं शिक्षण झालं, फ्रिज आला, हे खरं. पण एका मोठ्या दुकानाचं कार्ड त्यांनी घेतलं ते निव्वळ त्याच्याबरोबर थर्मास फुकट होता म्हणून. मग त्या कार्डाचा हप्ता भरायला दुसरं कार्ड, दुसऱ्याला तिसरं, आणि तिघांना मिळून सहकारी पतसंस्था. एकूण आकडा एक कोटी चाळीस लाख पेसोंवर गेला होता आणि सरांचा पगार महिन्याला अकरा लाख. घेणेकरी सहा होते. एक बँक, एक पतसंस्था, तीन दुकानं आणि निबाल्दो.

निबाल्दो ओयार्सो हा न्हावी. बसतळाजवळ त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. दूर दक्षिणेतल्या चिलोए बेटावरून तरुणपणी आला तो इथलाच झाला, आणि सरांची आणि त्याची एकतीस वर्षांची दोस्ती. जानेवारीत बँकेचा हप्ता फारच तुंबला तेव्हा सर त्याच्याकडे गेले. निबाल्दोने काही न विचारता आतल्या कपाटातून सहा लाख काढून दिले. मुलगी पार दक्षिण टोकाला, पुंता आरेनासला असते, तिला मुलगा झालाय, त्याला बघायला जायचे ते पैसे होते.

"एप्रिलपर्यंत दे म्हणजे झालं, एवा," तो म्हणाला. "तिकडे मे-जूनची थंडी पडायच्या आत जाऊन येतो. नातू काय, दोन महिन्यांत पळून जात नाही."

सरांनी ते पैसे घेतले आणि शहाऐंशीव्या दिवशी बँकेचा थकलेला हप्ता भरला. भरल्यावर ते ताठ मानेने बाहेर पडले. आपण अजून सभ्य माणसांत आहोत, असं त्यांना वाटलं.

आता ताल्काच्या सरकारी कचेरीत नंबर लावून ते बसले होते. समोर जी बाई आली ती त्यांच्या मुलीच्या वयाची. गळ्यातल्या पाटीवर कात्रिलेओ असं नाव. तिने सरांना दोन मार्ग समजावून सांगितले. पहिला, सगळ्या घेणेकऱ्यांना एकत्र बसवून नवे हप्ते ठरवायचे. त्याला खर्च नाही, वकील नाही. दुसरा, जे काही मालकीचं असेल ते विकायला काढायचं, येतील ते पैसे वाटायचे आणि उरलेलं कर्ज पुसून टाकायचं. सरांनी पहिला मार्ग पसंत केला. एखाद्या हॉटेलात पदार्थ निवडावा तशा रुबाबात म्हणाले, "मला पहिला द्या."

कात्रिलेओबाईंनी संगणकात पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात.

"सर, यासाठी निदान दोन कर्जं नव्वद दिवसांच्या वर थकलेली लागतात. तुमचं एकच आहे."

"अहो, पण मी पार बुडालोय!"

"ते दिसतंय. पण कागदावर तुम्ही अजून पुरेसे थकलेले नाही. बँकेचं बसलं असतं, पण ते तुम्ही शहाऐंशीव्या दिवशी भरलंत."

"ते चांगलं केलं ना?"

"चांगलंच केलंत," बाई हळूच म्हणाल्या. "पण आमच्या दृष्टीने वाईट झालं."

म्हणजे निबाल्दोच्या नातवाचे पैसे घालून सरांनी स्वतःचं दिवाळं लांबणीवर टाकलं होतं. परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कशात तरी नापास झाले होते, आणि तेही हप्ता वेळेआधी भरल्यामुळे!

पुढचे तीन महिने सरांना मन लावून थकायचं होतं. काही न भरणं ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण ज्या माणसाने जन्मभर वाचनालयाचं पुस्तकसुद्धा दोन दिवस आधी परत केलं, त्याला हे फार जड जातं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचे पाय आपोआप बँकेकडे वळत. मोबाइल वाजला की ते नाकात बोलत, "मातुराना घरी नाहीत, मी त्यांचा भाऊ." चौथ्या खेपेला पलीकडची मुलगी म्हणाली, "भाऊसाहेब, तुमच्या भावाला सांगा, त्यांचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे."

या काळात त्यांनी सल्लेही घेतले. अर्थात स्वतःसाठी नव्हे, शाळेतल्या एका काल्पनिक मित्रासाठी. शेजारच्या सुनिल्दाबाई कुंपणापाशी टोमॅटोला पाणी घालत होत्या, तेव्हा सरांनी विषय काढला.

"माझा एक सहकारी आहे, बिचारा कर्जात बुडालाय. अशा वेळी माणसाने काय करावं?"

"त्या सहकाऱ्याचं नाव मातुराना तर नाही ना?" सुनिल्दाबाई पाण्याची नळी खाली न ठेवता म्हणाल्या. "अहो, कार्डाच्या अर्जावर ओळखीचा म्हणून माझाच नंबर दिलाय ना तुम्ही? ती वसुलीची पोरगी मला आठवड्यातून दोनदा फोन करते. गुणी आहे हो. तिच्या आईचे गुडघे दुखतात, मी तिला रोझमेरीचं तेल सांगितलंय."

"बाई, कृपा करा, एलियानाला कळू देऊ नका."

"छे! मी कशाला सांगते?"

सुनिल्दाबाईंनी शब्द पाळला. एलियाना सोडून त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. त्यामुळे सल्ल्यांची मात्र कमतरता राहिली नाही. पाववाला म्हणाला, पाच वर्षं दडून बसा, कर्ज आपोआप शिळं होतं. औषधाच्या दुकानातला म्हणाला, आणखी एक मोठं कर्ज काढा आणि छोटी सगळी फेडा. कोपऱ्यावरच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांनी तर आपली स्वतःची थकबाकी सांगायला सुरुवात केली आणि दीड तासाने सरच त्यांना धीर देऊन बाहेर पडले.

पण खरा घात केला तो मेहुण्याने. एलियानाचा भाऊ गास्तोन धंद्यात दोनदा बुडाला होता आणि त्यामुळे तो या विषयातला जाणकार समजला जाई. तो स्वतःच तसं समजत असे.

"दाजी, गाडी आहे ना तुमच्या नावावर?"

"आहे की. पंधरा वर्षं जुनी."

"मग आधी ती माझ्या नावावर करून टाका. उद्या विकायची वेळ आली तर तो खटारासुद्धा ओढून नेतील. माझ्या नावावर असली की कोण हात लावतो!"

सरांच्या मनाला ते पटत नव्हतं. पण दोनदा बुडालेल्या माणसाने इतक्या खात्रीने सांगितलं म्हटल्यावर त्यांनी सही केली. गास्तोन एक गोष्ट सांगायची विसरला होता. त्याचं दुसरं बुडणं अजून संपलेलं नव्हतं. गाडी त्याच्या नावावर चढल्याला पाच आठवडेही झाले नाहीत तोच त्याच्या एका जुन्या घेणेकऱ्याला हा गृहस्थ अचानक गाडीवाला झाल्याचा पत्ता लागला. जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी न्यायालयाचा माणूस दोन साथीदारांसह आला आणि सरांच्या दारातून सरांची गाडी गास्तोनच्या कर्जापायी घेऊन गेला.

एलियाना तेव्हा मागच्या सीटवरून बटाट्यांचं पोतं काढत होती. त्या माणसांनी तिला पोतं काढू दिलं. फार नम्र होते, असं तिनेच नंतर सांगितलं.

सर शाळेतून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती आणि बटाटे तसेच ओट्यावर होते.

"गाडी गास्तोनच्या नावावर कधी झाली?"

सरांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला, पुन्हा नीट लावला. मग सगळं सांगितलं. आकडा ऐकून तिने एकदाच डोळे मिटले.

"आणि हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

"ताल्काच्या ऑफिसात एक कात्रिलेओबाई आहेत..."

"त्यांना कधी सांगितलंत?"

"मार्चमध्ये."

"आणि सुनिल्दाला?"

"तिला... तिला मी सांगितलंच नाही. तिला कळलं."

"म्हणजे आजपर्यंत मी एकटीच होते जिला तुमची बायको असूनही काही ठाऊक नव्हतं." ती उठली आणि बटाटे सोलायला बसली. "पैशाचं मी समजू शकते हो. छप्पर मीच करा म्हटलं होतं. पण नकाशे आणायला ताल्काला! मी तर शेजारीपाजारी सांगत होते, सर किती कष्ट घेतात मुलांसाठी."

सरांनी दुसरी सुरी घेतली आणि तिच्यासमोर बसून तेही बटाटे सोलू लागले. त्यांची सालं नेहमीप्रमाणे जाड निघत होती. एरवी ती त्यावर बोलली असती.

जुलैत सर एकदाचे पुरेसे थकले. कात्रिलेओबाईंनी त्यांचं जवळजवळ अभिनंदनच केलं. गाडीचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, असं परत कुणाच्या सांगण्यावरून करू नका. ही गाडी लपवायची म्हणून दिली, असंच कुणीही म्हणेल. सगळं खरं लिहा इथे, कारण खालीच प्रतिज्ञेवर सही आहे."

सरांनी खरं लिहिलं. मान खाली घालून, वळणदार अक्षरात. मग घेणेकऱ्यांची यादी आली. बँक. पतसंस्था. पहिलं दुकान, दुसरं दुकान, थर्मासवालं दुकान. सहाव्या ओळीवर पेन थांबलं.

एप्रिल केव्हाच होऊन गेला होता. निबाल्दोने विचारलं नव्हतं आणि सर त्या बाजूला फिरकले नव्हते. सरांचे केस मानेवर आले होते. आता त्याचं नाव लिहिलं तर त्याच्या दुकानात सरकारी पाकीट जाणार. आपला मित्र पाच वसुलीवाल्यांच्या रांगेत उभा राहणार आणि त्याचे सहा लाख अनेक वर्षांच्या हप्त्यांत चुरा होऊन त्याला मिळणार. त्याच्यापुढे आपली ही अशी चिरफाड व्हायची! त्यापेक्षा त्याचं देणं आपण आपलं वेगळं, घरगुती, त्याच्या हातात ठेवून फेडू. त्या घटकेला हा विचार सरांना मोठा नाजूक आणि खानदानी वाटला.

"आणखी कुणाचं देणं?" बाईंनी विचारलं. "नातेवाईक? मित्र? कागद नसला तरी चालतो."

"नाही," सर म्हणाले. "एवढेच."

घेणेकऱ्यांची बैठक ऑगस्टमध्ये झाली आणि ती संगणकावरच झाली. सर शाळेच्या प्रयोगशाळेत एकटे बसले होते, मागे हाडांचा सापळा. बँकेच्या वकिलाचा आवाज सुरुवातीची पंधरा मिनिटं येतच नव्हता. तो तावातावाने हात हलवत होता आणि आवाज आला तेव्हा एवढंच ऐकू आलं, "...म्हणून आमची हरकत नाही." एका दुकानाची प्रतिनिधी मुलगी सारखी सापळ्याकडे बघत होती. शेवटी साठ हप्ते ठरले. व्याज बरंच सुटलं, पण सरांच्या पगारातून घरखर्च वगळता जे काही उरेल ते सगळं पाच वर्षं या पाच जणांत वाटलं जाणार होतं. सगळं म्हणजे अगदी सगळं. सरांनी मान डोलावली आणि त्यानंतर त्यांच्या ध्यानात आलं, की निबाल्दोला घरगुती पद्धतीने फेडायला आता महिन्याला दोन केळ्यांपुरतेही पैसे राहत नाहीत.

तरी घरी हायसं वाटलं. फोन बंद झाले. सुनिल्दाबाईंना मात्र त्या पोरीची आठवण येऊ लागली. गुडघ्यांचं पुढे काय झालं, हे कळायला मार्ग उरला नाही.

मग सप्टेंबरमध्ये एका सकाळी त्या कुंपणावरून म्हणाल्या, "सर, तुमचं नाव सरकारी पत्रिकेत आलंय. सगळ्यांना बघता येतं हो. माझ्या भाच्याने छापून दिलं. छान आहे, घेणेकऱ्यांच्या यादीसकट. काल त्या बसतळाजवळच्या न्हाव्याकडे भाच्याला घेऊन गेले होते, तुमचाच मित्र ना तो? त्यालाही दाखवलं. म्हटलं, काळजी करू नका, सरांचं सगळं मार्गी लागलं."

"काय म्हणाला तो?"

"काही नाही. दोनदा वाचलं त्याने. मग भाच्याचे केस जरा जास्तच बारीक कापले."

सर त्याच दिवशी ताल्काला गेले. या वेळी एलियानाला खरं सांगून. कात्रिलेओबाईंपुढे उभे राहून म्हणाले, "मला यादीत एक नाव घालायचंय."

बाईंनी त्यांची फाइल उघडली. "मी विचारलं होतं, सर."

"हो. विचारलं होतंत."

"आता नाही घालता येणार. करार नोंदला गेलाय. पण यादीत नसलेलं देणं करारात येत नाही, ते पुसलं जात नाही. ते तुमच्या डोक्यावर आहे तसंच आहे. ते गृहस्थ उद्यासुद्धा तुमच्यावर दावा लावू शकतात."

सरांचा चेहरा खुलला. गेल्या सहा महिन्यांत त्या कचेरीतून त्यांना मिळालेली ही पहिली चांगली बातमी होती. बसने कुरिकोला उतरले ते तडक निबाल्दोच्या दुकानात.

दुकानात कुणी नव्हतं. निबाल्दो वस्तऱ्याला धार लावत होता. आरशाच्या कडेला खोचलेल्या नव्या फोटोतल्या नातवाला आता दात आले होते.

"निबाल्दो, तू माझ्यावर दावा लावू शकतोस!" सर दारातूनच म्हणाले. "मी विचारून आलोय. तुझं देणं पुसलेलं नाही. सगळं शाबूत आहे."

निबाल्दोने खुर्ची झटकली आणि हातानेच बसायची खूण केली. कापड गळ्याभोवती बांधलं. केसांना पाणी मारलं. कात्री सुरू झाली, पण तोंड सुरू झालं नाही. हा माणूस एरवी केस कापताना समुद्र, सरकार, भूकंप, बटाट्याच्या जाती, सगळ्यांवर बोले. सरच बोलत राहिले. पाकिटाचं, रांगेचं, नाजूक विचाराचं सगळं सांगून झालं. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच ते पोकळ वाटायला लागलं.

मानेजवळ आल्यावर निबाल्दो म्हणाला, "थर्मासवाल्या दुकानाचं नाव लिहिलंस."

"हो, पण..."

"मी आलो असतो, एवा. कोट घालून आलो असतो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, हा माणूस पैसे बुडवणारा नाही, एकतीस वर्षं ओळखतो. तिथे तुला ओळखणारं एक माणूस तरी असतं. आणि तू लिहिलंस, की तुझं माझं काही देणंघेणं नाही."

"तसं नव्हतं रे माझ्या मनात."

"कागदावर तसंच आहे."

निबाल्दोने काम मन लावून केलं. कानामागचे केस काढले, भुवया नीट केल्या, मानेवर पावडर लावली. मागून छोटा आरसा धरून दाखवला. इतके नीटनेटके केस सरांचे कधीच कापले गेले नव्हते. सर उठले, खुंटीवरचा कोट काढला आणि सवयीने दाराकडे वळले. या दुकानात त्यांच्याकडून कधी पैसे घेतले गेले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांनी द्यायचा प्रयत्न केला तेव्हा निबाल्दो खरोखर चिडला होता.

"सात हजार झाले तुमचे, सर," निबाल्दो म्हणाला.

सर जागच्या जागी उभे राहिले. त्या एका 'तुमचे'ने त्यांना जेवढं लागलं तेवढं त्या सगळ्या वसुलीवाल्यांच्या फोनने मिळून लागलं नव्हतं. त्यांनी पाकीट काढलं. दहा हजारांची एकच नोट होती, आठवड्याच्या भाजीची. निबाल्दोने ती घेतली, गल्ला उघडला, तीन हजार मोजून त्यांच्या हातावर ठेवले आणि "पुन्हा या," असंही म्हणाला. जसं कुणालाही म्हणावं तसं.

घरी एलियानाने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान कापलेत."

"हो," सर म्हणाले. आणि मग चहाला बसल्यावर त्यांनी तिला हेही सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये सर पुन्हा गेले. एलियानाने दोन शाळकरी मुलींच्या कपड्यांची शिवण घेतली होती, त्यातले वीस हजार निबाल्दोच्या देण्यापोटी पाकिटात होते. दुकानात गर्दी होती. निबाल्दोने मान वर करून "बसा, सर," म्हटलं आणि बाकाकडे बोट केलं. त्यांच्या आधी तिघे होते. सर बाकाच्या टोकाला बसले, पाकीट मांडीवर ठेवलं आणि आपला नंबर यायची वाट पाहू लागले.